मुलाणी मॅडमचं मुडपलेलं पान

लोणावळ्याला मुलाणी मॅडमच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा मी दारातच थबकले. दार आपटू नये म्हणून खाली काहीतरी लावलं होतं, आणि ते काहीतरी म्हणजे माणसाचं पाऊल होतं. पांढरं, प्लास्टरचं, बुटाच्या तळव्यावरच्या नक्षीसकट. आतल्या खोलीच्या दाराला दुसरं पाऊल. स्वयंपाकघराच्या दाराला तिसरं, ते चपलेचं. लोणावळ्यातला वारा असा की दारं दिवसभर धाडधाड आपटतात. लोक दगड लावतात, वीट लावतात. या घरात पावलं लावलेली.

"ये गं, घाबरू नकोस," आतून त्यांच्या अम्मी म्हणाल्या. "मेलेल्यांची नाहीत ती. जित्या माणसांची आहेत. ते पहिलं आमच्या दूधवाल्याचं."

मॅडम मागच्या अंगणात उकिडव्या बसल्या होत्या. पाच-सहा पोरं त्यांच्याभोवती कोंडाळं करून, आणि मध्ये चिखलात उमटलेल्या पावलात ओतलेलं प्लास्टर. लोणावळ्याच्या त्या ओल्या धुक्यात ते वाळायचं नाव घेत नव्हतं. दीड तास आम्ही त्याच्याकडे बघत बसलो. शेवटी उचललं तर टाच जमिनीतच राहिली. अम्मींनी खिडकीतून बघितलं आणि म्हणाल्या, "द्या इकडे. लोणच्याच्या बरणीवर ठेवायला वजन हवंच होतं."

शमीम मुलाणी. पुण्याला विद्यापीठात आम्हाला न्यायसहायक विज्ञान, म्हणजे फॉरेन्सिक, शिकवायच्या. एवढं भारदस्त नाव आमच्या गावात कोण घेणार! आमच्याकडे त्याला सरळ 'मुडद्यांचं कालेज' म्हणायचे. "सवी मुडद्यांच्या कालेजला जाती," असं आमची चुलती बाजारात चारचौघांत सांगायची आणि ऐकणारी बाई दोन पावलं मागं सरायची. खरं तर दोन वर्षांत मी मुडदे पाहिले मोजून तीन. बाकी वेळ गेला डाग, धागे, माती, काचा आणि मुलाणी मॅडमची बोलणी यांच्यात.

बाई ठेंगण्या, कॉटनची साडी आणि पायात पळायचे बूट. पर्समध्ये कंगवा नसेल, पण सहा इंची स्टीलची पट्टी हमखास. फोटो काढायचा तर शेजारी माप हवं, हे त्यांच्या हाडीमाशी इतकं खिळलेलं की ईदला आम्हाला शीरखुर्म्याचा फोटो पाठवला तर त्यातही वाटीशेजारी पट्टी. आम्ही त्यावर पोट धरून हसलो. दुसऱ्या दिवशी वर्गात त्या शांतपणे म्हणाल्या, "हसा. पण वाटी केवढी होती हे तुमच्यातल्या एकालाही विचारावं लागलं नाही."

आणि वही. लांबट, पुठ्ठ्याच्या बांधणीची. प्रत्येक पानावर मधोमध उभी रेघ. डावीकडे लिहायचं 'दिसलं', उजवीकडे 'वाटलं'. काम संपलं की त्या उजवी बाजू रेघेवर आत मुडपायच्या, टाचणी लावायच्या आणि वही बंद. ते मुडपलेलं कुणालाही दाखवायच्या नाहीत. आमच्या वह्याही तशाच. कुणी जरा तोंड उघडलं की प्रश्न ठरलेला: "दिसलं किती आणि वाटलं किती?"

मी एकदा विचारलं होतं, "मग उजवीकडचं लिहायचंच कशाला?"

"वाटणं बंद करता येतं का तुला? मला नाही येत. जिवंत माणसाला वाटणारच, बाळा. लिहून ठेवलं की ते कुठं आहे हे तरी माहीत राहतं. नाहीतर नकळत डावीकडे येऊन बसतं."

बोलायला छान आहे हो. पण परीक्षेत याच बाईंनी माझे सहा मार्क कापले, कारण मी लिहिलं होतं 'शर्टावर रक्ताचा डाग'. त्या म्हणाल्या, तपकिरी डाग लिही. मी म्हटलं, रक्तच आहे ते, आंधळ्यालाही कळेल. त्यांनी तपासायला लावलं. निघाली पानाची पिंक. मी आठ दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. मी तापट आहे, आमच्या घराण्यातच आहे ते, पुढं कळेलच.

पहिल्या सत्रातली चिक्कीची गोष्ट तर आमच्या बॅचमध्ये अजून निघते. मॅडम एक डबा घेऊन आल्या. त्यात चार चावलेल्या चिक्क्या. बाहेरच्या चौघांनी चावलेल्या, आणि त्या चौघांच्या दातांचे साचेही सोबत. म्हणाल्या, कुठली कुणाची ते जुळवा. आम्ही भिंगं घेऊन तुटून पडलो. तासाभरात सगळ्या वर्गाचं एकमत: तिसरी चिक्की फटीच्या दातांची, म्हणजे दोन नंबरच्या साच्याची. शपथेवर सांगायची तयारी होती आमची. मॅडमनी विचारलं, "नक्की?" सगळे एका सुरात, "नक्की!"

"तिसरी चिक्की कुणीच चावलेली नाही. मी हातानं मोडली."

सगळ्यांची भिंगं खाली आली.

"चावल्याच्या खुणेवरून छातीठोक सांगणाऱ्यांनी निरपराध माणसं आत पाठवलीत," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही, पण चेहरा असा झाला होता की मागच्या बाकावरचासुद्धा खाली बघायला लागला. "तुम्ही चाळीस जणांनी आत्ता एकाला पाठवलं. दोन नंबरचा साचा माझ्या भावाचा आहे. आज संध्याकाळी मी त्याला सांगणार आहे."

हा भाऊ म्हणजे यासीनभाई. कामशेतच्या बाजारात त्यांचं तांदळाचं दुकान. बहिणीवर जीव, पण बहीण दुकानात आली की त्यांचं धाबं दणाणायचं. एकदा मी पिशवी घेऊन उभी होते, तेव्हा पुण्याच्या एका गिऱ्हाइकानं विचारलं, हा अस्सल इंद्रायणी आहे ना? यासीनभाई म्हणाले, अस्सल म्हणजे अस्सल! मॅडम कोपऱ्यात चहा पीत बसलेल्या. त्यांनी दोन दाणे तळहातावर घेतले, पट्टी काढली, वास घेतला आणि म्हणाल्या, "वास चांगला येतोय हे खरं. पण पॉलिश केलेल्या दाण्याकडे नुसतं बघून जात सांगता येत नाही."

गिऱ्हाईक गेलं. यासीनभाईंनी हात जोडले. "आपा, तू लोणावळ्यालाच चहा पीत जा." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "लहानपणापासून अशीच. शाळेत हिला विचारलं, भावानं काच फोडली का, तर म्हणे, मी फोडताना नाही बघितलं, हातात दगड होता एवढं बघितलं. मार मलाच पडला!"

आता मुख्य गोष्ट सांगते. सांगताना मला अजून लाज वाटते, पण सांगते.

आमचं गाव आंदर मावळात. टाकव्याच्या पुढं, एसटी जिथून वळून परत फिरते तिथून तासभर चालायचं. शेजारचं घर शंकरआबांचं. त्यांची वैशाली माझ्याहून दोन वर्षांनी लहान. शाळेला आम्ही बरोबर चालत जायचो. मग बांधावरून दोन्ही घरांचं वाजलं. कुणी बांध कोरला, किती कोरला, देव जाणे. दादा, म्हणजे माझे वडील, शंकरआबांशी बोलायचे थांबले आणि मीही शहाणीसारखी वैशालीशी बोलायची थांबले.

मी शेवटच्या वर्षाला होते त्या साली वैशाली पोलीस भरतीत निवडली गेली. मैदानी झाली, लेखी झाली, यादीत नाव लागलं. राहिली होती फक्त चारित्र्य पडताळणी. आमच्या गावातून खाकी घालणारी ती पहिलीच मुलगी. त्या मुलीनं चार वर्षं रोज दिवस मावळायच्या आधी डांबरीपर्यंत पळून घाम गाळला होता. अशा वेळी चौकीवर नाव गेलं तर काय होतं, हे गावातल्या शेंबड्या पोराला कळत होतं.

त्या वर्षी भात झोडून पेंढा खळ्यावर पडलेला असतानाच अवकाळी पाऊस आला. दादांनी पाऊस उघडल्यावर घाईघाईनं, ओलं-सुकं न बघता, एकाच दिवशी दोन गंज्या रचल्या. एक खळ्याच्या कडेला, दुसरी गोठ्याला लागून. आमच्या चार जनावरांचं वर्षभराचं खाणं ते. तीनेक आठवड्यांनी, सूर्य डोंगराआड जाताना, खळ्यावरची गंजी पेटली. हंडे नेले, घागरी नेल्या, पण बघता बघता खाक.

आणि आई म्हणाली, "मी वैशीला पळताना बघितली. गंजीकडनंच गेली."

झालं! दादांना तेवढंच हवं होतं. मी शनिवारी घरी पोचले तर ते ओसरीवर येरझाऱ्या घालत होते. "सोमवारी चौकीवर जातो आन तिचं नाव देतो. तू त्या कालेजात शिकती ना? मंग लिवून दे, तिनंच जाळली म्हनून. जनावरांच्या तोंडचा घास काढला रांडेनं."

मी काय म्हणावं? मी, जिनं दोन वर्षं रेघा मारल्या होत्या? मी म्हणाले, "लिहिते. पण मॅडमला विचारून नीट लिहिते." मलाही खात्री होती. माझंही डोकं सटकलं होतं. मी त्यांना फोन लावला तो लिहायचा मसुदा विचारायला.

"दिसलं किती?" पलीकडून ठरलेला प्रश्न.

"तिला पळताना बघितलं, मॅडम."

"कुणी?"

"आईनं."

"पेटवताना बघितलं?"

"नाही, पण..."

"ती रोज पळते का?"

माझ्या तोंडात मारल्यासारखं झालं. तरी मी म्हणाले, "त्यांचं आमचं वैर आहे, मॅडम."

"हे उजवीकडे लिही. उद्या सकाळी मी येते. तोवर जळलेल्या जागेला कुणी हात लावू नका."

मी घरात सांगितलं: उद्या माझ्या विद्यापीठातल्या मॅडम येणार आहेत, खळ्याला हात लावू नका. आमच्या माणसांनी त्यातलं पहिलं अर्धं तेवढं ऐकलं. रविवारी मी उठून बाहेर आले आणि डोळे पांढरे व्हायची वेळ आली. एवढ्या मोठ्या बाई येणार, म्हणून आईनं पहाटे उठून खळं झाडलं होतं. शेणानं सारवलं होतं. वर रांगोळी काढली होती! आणि राख? राख दादांनी पाट्या भरभरून राबावर नेऊन पसरली होती. आमच्याकडे भाताची रोपं जिथं करायची ती जागा आधी पालापाचोळा, शेण घालून भाजतात, तो राब. राखेइतकं चांगलं तिथं काय असणार? "वाया कशाला घालवायची?" दादा म्हणाले. जळलेल्या गंजीतून एवढं तरी पदरात पडलं, याचं त्यांना समाधान होतं.

मी डोक्याला हात लावून पायरीवर बसले. तेवढ्यात मॅडम आल्या, तासभर चालून, बूट धुळीनं माखलेले. त्यांनी खळं पाहिलं. रांगोळी पाहिली. मी रडकुंडीला आलेली पाहिली. आणि आईला म्हणाल्या, "किती सुरेख सारवलंय हो मावशी." मग वही काढून डावीकडे लिहिलं: खळं ताजं सारवलेलं. रांगोळी. राख नाही. रांगोळीचा पट्टी ठेवून फोटोसुद्धा काढला.

"राख कुठं आहे, भाऊ?"

दादांनी कौतुकानं राब दाखवला. मॅडम पदर खोचून त्यात बसल्या आणि काटकीनं राख उकरायला लागल्या. अर्ध्या तासानं मुठीएवढी चार-पाच ढेकळं सापडली, पेंढ्याचीच, घट्ट चिकटलेली. त्यांनी एक मोडून मला दाखवलं. बाहेरून करपट-पिवळं, आतून कोळशासारखं काळं. मी म्हणाले, "मॅडम, म्हणजे..." त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मी तोंड मिटलं. ढेकळं कागदी पुड्यांत गेली.

मग वैशालीला बोलावलं. ती आली, मागं शंकरआबा. पोरीचे डोळे सुजलेले. मॅडमनी ना पाणी विचारलं, ना बस म्हणाल्या. कुठून पळतेस? कधी? बरोबर कोण? खिशात काय होतं? तेच प्रश्न, तीनतीनदा. तिच्या बुटांचे तळवे मापले. सगळ्या गावासमोर तिला त्या वाटेनं पळायला लावलं, आणि पुन्हा एकदा लावलं. शेवटी वैशालीचा बांध फुटला. "मी न्हाई केलं वो म्याडम! मला कशाला करायचं? माझं सगळं आयुष्य आत्ता कुटं सुरू व्हतंय!"

मॅडम लिहीत राहिल्या.

शंकरआबांना राहवलं नाही. "आमची पोरगी चोर हाय का, म्याडम?"

"मला माहीत नाही, भाऊ."

एवढंच. त्या वेळी, खरं सांगते, मला त्यांचा भयंकर राग आला. सकाळपर्यंत वैशालीला गजाआड बघायला निघालेली मी, पण तिला तसं रडताना बघून माझंच पाऊल तिच्याकडं वळलं. ही बाई एक मऊ शब्द बोलली असती तर काय बिघडलं असतं? काळीज आहे की नाही?

"पेंढा एवढाच होता का, भाऊ?" मॅडमनी विचारलं.

"न्हाई, गोठ्याकडं दुसरी गंजी हाय की."

"कधी रचली?"

"दोनी एकाच दिशी."

"ओला होता पेंढा?"

दादा इकडं तिकडं बघायला लागले. "वायच दमट व्हता."

दुसऱ्या गंजीभोवती मॅडम दोन फेऱ्या चालल्या. नाक वर करून. मग मलाही वास आला, करपलेल्या गुळासारखा. त्यांनी पहार मागितली आणि दादांना ती गंजीत खोलवर खुपसायला लावली. पंधरा मिनिटं आम्ही सगळे त्या गंजीकडे बघत उभे. मग दादांनी पहार ओढून काढली, पुढचं टोक धरायला गेले आणि "आयाई गं!" करून सोडून दिली. हात भाजला.

गावात कुजबुज झाली. म्हणजे गंजी आतूनच तापली होती! मी आनंदानं ओरडणारच होते. मॅडमच्या चेहऱ्यावर काही नाही. "पुन्हा. आता ओढ्याच्या बाजूनं."

पुन्हा पंधरा मिनिटं. पुन्हा पहार बाहेर आली, त्या टोकावर पाण्याचा शिंतोडा मारला तर चर्र झालं. तेव्हा मात्र मॅडम झटक्यात वळल्या. "जनावरं सोडा आधी! पाणी आणा, जितकं असेल तितकं. पाणी हाताशी आल्याशिवाय गंजी उघडायची नाही. आत वारा शिरला की पेटेल."

मग जी पळापळ झाली! आणि कोण आलं सगळ्यांच्या आधी हंडा घेऊन? वैशाली. तिच्यामागं शंकरआबा, त्यांची बायको, दोन वर्षं आमच्या अंगणात पाऊल न टाकलेली सगळी माणसं. पुरुषांनी आकड्यांनी पेंढा ओढला. वरचा पिवळा, खालचा तपकिरी, आणि आतून भसकन वाफ आली. मधला भाग काळा. बघता बघता त्या काळ्यात लाल ठिणगी चमकली आणि हातभर जाळ उठला, गोठ्याच्या कुडाकडंच. वैशालीनं पुढं होऊन हंडा ओतला. मी दुसरा दिला, तिनं ओतला. तिसरा. चौथा. दोन वर्षांनी आम्ही दोघी एकमेकींशी बोललो, ते "दे" आणि "घे" एवढंच.

तासाभरात सगळी गंजी विखरून ओली पडली होती. गोठा उभा होता. दादा चिखलातच बसले होते. त्यांनी मॅडमकडं बघितलं. "म्याडम, लिवा मंग. पोरीनं न्हाई लावली म्हनून लिवा."

"ते मी लिहिणार नाही, भाऊ."

वैशालीच्या हातातला हंडा तसाच राहिला.

"पहिली गंजी कशानं पेटली हे मला सांगता येणार नाही. जागा सारवली, राख राबात गेली. मला दिसलं ते एवढंच: त्याच ओल्या पेंढ्याची, त्याच दिवशी रचलेली दुसरी गंजी आपोआप आतून तापून पेटली. आणि राखेतली ढेकळं आतून जास्त जळालेली आहेत. मी सरकारी माणूस नाही, माझ्या कागदाला कोर्टात काही वजन नाही. चौकीवर जायचं तर तुम्ही जरूर जा. तुम्हाला जे दिसलं ते सांगा."

दादांनी पायापाशी पडलेली जळकी काडी उचलून मोडली. मग म्हणाले, "मला तर काय बी दिसलं न्हाई."

आईकडं वळले. "तुला गं?"

आई पदरानं तोंड पुसत म्हणाली, "पोरगी पळत व्हती. ती तर रोजच पळती."

दादा उठले. चिखलानं भरलेल्या अंगानं शंकरआबांपुढं जाऊन उभे राहिले. "शंकर, चूक झाली माझी. लय मोटी चूक व्हनार व्हती." शंकरआबांनी दादांचा भाजलेला हात धरून बघितला आणि बायकोला म्हणाले, "कोरफड आन गं जरा."

एसटीपर्यंत मॅडमना सोडायला मी गेले. वाटेत न राहवून भांडलेच. "मॅडम, एक वाक्य लिहिलं असतं तर काय झालं असतं? तिला तेवढाच धीर. तुम्हाला तरी काय वाटत होतं?"

त्यांनी चालता चालता वही उघडली, पानाची उजवी बाजू मुडपली, टाचणी लावली आणि वही पर्समध्ये टाकली. "बूट झिजलेत त्या मुलीचे," एवढं म्हणाल्या. "नवे घ्यायला सांग."

पडताळणी नीट पार पडली. वैशाली भरती झाली. मी आता न्यायसहायक प्रयोगशाळेच्या गाडीवर असते. घटना घडली की आम्ही जातो. गावोगाव बायकामंडळी अजूनही साहेब येणार म्हणून झाडू घेतात, आणि मला आमची रांगोळी आठवते. आमच्या गावात मात्र मॅडमच्या त्या एका फेरीचा चांगलाच वचक बसलाय. मध्ये कुणाचीतरी कोंबडी चोरीला गेली, तर आई फोनवर विचारते, "सवे, खुराड्यापुढं सारवू का, का म्याडमला ईचारू?"

गेल्या वर्षी मॅडम निवृत्त झाल्या. एका रविवारी त्यांनी जुन्या विद्यार्थ्यांना घरी बोलावलं, कपाट रिकामं करायला. त्या दिवशी वैशालीची लोणावळ्यातच पर्यटकांच्या गर्दीच्या बंदोबस्ताची ड्युटी होती. ती संपवून तीही आली, गणवेशातच. अम्मींनी तिला दारातच धरलं, आपादमस्तक बघितलं आणि म्हणाल्या, "शमीम, पोलीस आले! काय केलंस आता?"

मॅडमनी सगळी पावलं वाटून टाकली. ज्याला त्याला एकेक, वर्तमानपत्रात गुंडाळून. दूधवाल्याचं माझ्या पदरात पडलं. अम्मी कुरकुरल्या, "आता दारं कशानं अडवू?" मॅडम म्हणाल्या, "दगडानं. जगात सगळे लावतात."

निघताना त्यांनी वैशालीच्या हातात एक लांबट वही ठेवली. "यात एक पान तुझं आहे. खूण घातलीय. टाचणी काढायची तुला परवानगी आहे. इथं नाही, फाटकाबाहेर गेल्यावर."

फाटकाबाहेर जाईपर्यंत आम्हा दोघींना कुठला धीर! वैशालीनं फाटकातच खूण पाहून पान काढलं. डावीकडे तो सगळा दिवस होता. ताजं सारवलेलं खळं, रांगोळी, ढेकळं, बुटांचं माप. पहार, पहिल्यांदा, गोठ्याच्या बाजूनं: धरवत नाही. पहार, दुसऱ्यांदा, ओढ्याच्या बाजूनं: धरवत नाही. वैशालीनं टाचणी काढली. इतक्या वर्षांत घडीवर पान पिवळं पडलं होतं, आतून पांढरंच होतं. बारीक अक्षरात लिहिलं होतं:

'पोरगी बोलायला लागली तेव्हाच वाटलं, हिनं नाही केलं. फार वाटलं. जवळ घ्यावंसं वाटलं. म्हणून आज सगळं दोनदा तपासायचं.'

वैशालीनं ते दोनदा वाचलं. मग म्हणाली, "आन मी इतकी वर्षं समजत व्हते, बाईला काळीजच न्हाई." तिनं बाहीनं डोळे पुसले. मी तर आधीच रडत होते, मला काय लाज.

तिनं टोपी सारखी केली, घराकडं वळली आणि कडक सॅल्यूट ठोकला.

मॅडम दारात उभ्या होत्या. धुकं खाली उतरत होतं आणि वारा जोरात सुटला होता. त्यांनी हात वर केला आणि ओरडल्या, "अगं जा आता, लोकल चुकेल तुमची!" दार आपटू नये म्हणून त्यांनी स्वतःचाच पाय त्याला लावून ठेवला होता.